अंजूरच्या खाजणातला पाचवा

१

दुपारी अडीच वाजता मेघाली कारखानीसने गाळ्याचं शटर वर केलं, तेव्हा पाच जणांपैकी एक जण गेलेला होता.

जमिनीवर पाच निळ्या ताडपत्र्या ओळीने अंथरल्या होत्या. चारींवर चार सांगाडे होते, तिने सकाळी मांडले होते तसेच, डोकी भिंतीकडे आणि पाय दाराकडे. पाचवी ताडपत्री रिकामी होती.

मेघालीने तीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवली होती. निवृत्त झाल्यावर हाडांशी आपला संबंध संपला, असं तिला वाटत होतं. पण अकरा दिवसांपूर्वी अंजूरच्या खाडीकाठी नव्या गोदामासाठी खाजणात खोदकाम चाललं असताना पोकलेनचा दात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागला. चिखलातून विमानाचा पंखा वर आला, मागोमाग एक बूट, आणि बुटात पाय. जुने कागद पाहिल्यावर कळलं की १९४४ साली, महायुद्धाच्या दिवसांत, चार गोऱ्या सैनिकांना घेऊन निघालेलं एक विमान या खाडीवर आल्यावर नाहीसं झालं होतं. विमान सापडलं नाही, माणसंही सापडली नाहीत. एकमेकांत मिसळलेली ती हाडं वेगळी लावायला ठाण्याहून मेघालीला बोलावलं गेलं. उद्या सकाळी परदेशी अधिकारी येणार होते, चार पेट्या घेऊन.

आणि तिने मोजलेली माणसं पाच होती.

पाचव्याच्या पायात बूट नव्हते. मनगटात चांदीचं जाड कडं होतं. तो कोण, याचं उत्तर गावात कोणाकडे नव्हतं. निदान तसं सांगितलं तरी जात होतं.

ती रिकाम्या ताडपत्रीपाशी उकिडवी बसली. घाईत नेलेल्या हाडांचा चुरा मागे राहतो, बोटांची बारीक पेरं सांडतात. इथे काही सांडलं नव्हतं. पावलातली वाटाण्याएवढी हाडंसुद्धा कोणीतरी एकेक करून वेचली होती. कडं गेलं होतं. पण शेजारच्या ट्रेमध्ये एका सैनिकाची सोन्याची अंगठी होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

ताडपत्री पूर्ण रिकामीही नव्हती. मधोमध काथ्याच्या दोराचं एक वेटोळं ठेवलेलं होतं. विमानाच्या दाराशी सापडलेला हा दोर तिने सकाळी कोपऱ्यातल्या गोणीत टाकला होता. तो आपणहून इथे आला नव्हता.

तिने बाकीचे ढीग तपासले. पहिला पूर्ण होता. तिसरा, चौथाही. दुसऱ्यापाशी तिचा हात थांबला. दुसऱ्या सैनिकाची डावी नडगी नव्हती.

चोराने पाचव्याचं सगळं नेलं होतं, आणि दुसऱ्याचं फक्त एक हाड.

२

“चांगलं झालं की, मॅडम,” भावेश म्हणाला.

गोदाम बांधणारा भावेश चाळिशीचा, हसतमुख माणूस होता. बांधावरच्या पत्र्याच्या ऑफिसात त्याने पंखा तिच्याकडे वळवला. दुपारी एक ते अडीच ती इथेच जेवत बसली होती, त्याच्याच आग्रहावरून.

“चांगलं कसं?”

“पेपरमध्ये चार हाय, जमिनीत पण चार झाले. मी तुम्हाला काल तेच सांगत होतो ना? पाचवा या चौघांत मिक्स करून टाका. पेट्या गेल्या, विषय खतम. नाहीतर पोलीस येणार, पाचवा कोण, कोणी मारला, आणि माझं काम वर्षभर बंद.”

काल त्याने हे हरेशच्या घरी, सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ही जमीन ज्याच्याकडून त्याने घेतली, त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. मेघालीने तेव्हा नाही म्हटलं नव्हतं. बघू, म्हणाली होती. आता तो शब्द तिला टोचला.

“गाळ्याच्या चाव्या किती?”

“तीन. एक माझ्याकडे, ही बघा. एक वॉचमनकडे. एक हरेशच्या घरी, खिळ्याला लटकलेली असते.” मग त्याचं हसू गेलं. “मॅडम, मी दीड तास तुमच्यासमोर बसलो होतो. आणि माझा माणूस पाठवला असता तर त्याने फावड्याने भरून नेलं असतं. कुठलं हाड कोणाचं, आम्हाला काय कळतंय?”

ते मात्र खरं होतं. ती दाराशी पोचली आणि वळली.

“वॉचमन एक ते अडीच कुठे होता?”

भावेशने खिडकीबाहेर खाडीकडे पाहिलं. “भरती होती ना आज सव्वाला. भरतीच्या टायमाला तो इथे थांबत नाय. पगार कापला तरी नाय थांबत.”

३

वॉचमन धाकल्या हा डोंगराकडच्या पाड्यावरचा. साठीला आलेला, वाळकुडा माणूस. तो रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसला होता आणि अजून गाळ्याकडे यायला तयार नव्हता.

“पानी चढला का तो ठोकतो,” तो म्हणाला. “आतून. टक, टक, टक. तुमी आयकला न्हाय?”

मेघालीने ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी. विमानाचं धूड अजून अर्धं चिखलात होतं, आतली हाडं सगळी बाहेर काढून झाली होती, आणि भर दुपारी पाणी चढू लागताच आतून कोणीतरी दार वाजवावं तसा आवाज आला होता. पाणी आत शिरतं, कोंडलेली हवा पातळ पत्रा बाहेर ढकलते, असं तिने स्वतःला समजावलं होतं. ते बरोबरही असावं. पण त्या दिवशी तिने काम लवकर थांबवलं होतं.

“इमान हितंच गाडलेलं हाय हे कोनाला म्हाईत न्हवता,” धाकल्या म्हणाला. “पन या खाजनाला गाव ठोक्याचा खाजन म्हनतो. माझा आजा इथं मिठागरावर व्हता. त्यानं सांगलेलं. इमान पडला तवा तीन भरत्या ठोके आले. गोऱ्यांची भुतं म्हनून कोनी जवल गेला न्हाय. चौथ्या भरतीला गप.”

मेघाली पुढे वाकली. “म्हणजे भुतं गप झाली?”

“आता सांगनारा मेला, बाय. मी काय सांगू?”

“त्या दिवसांत गावातून कोणी नाहीसं झालं होतं का, धाकल्या?”

तो जमिनीवर काडीने रेघा ओढू लागला. “इमानचोर,” तो म्हणाला. “पदू. गोऱ्यांची पेटी उचलून पलाला म्हनतात. त्याच्या बायकोला गावानं पानी भरू दिला न्हाय. पोरीला घेऊन ती गेली खारबावला, भावाकडं. पोरगी हाय अजून, गुनाबाई. म्हातारी झाली.”

“पळाला, हे कोणी पाहिलं?”

“लडकूनं. हरेशशेठचा आजा. पोलिसान्ला त्यानंच सांगला.” धाकल्याने काडी टाकली. “पन माझा आजा हसायचा. म्हनायचा, पदू पलंल कसा? त्याचा डावा पाय वाकडा व्हता.”

४

ती जवळजवळ धावतच गाळ्यात परतली.

त्या नडगीचं तिला आता लख्ख आठवलं. मध्येच मोडून वाकडी जुळलेली, बोटभर आखूड झालेली. पाच जणांच्या दहा नडग्या हव्या होत्या, सापडल्या नऊ. ही वाकडी नडगी दुसऱ्या सैनिकाच्या बुटाशेजारी पडली होती, म्हणून तिने ती त्याच्या ढिगात ठेवली, आणि पाचव्याची डावी नडगी चिखलात गेली असं धरून चालली.

चूक तिची होती, आणि एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर तिने त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. अशा पायाच्या माणसाला लष्करी डॉक्टरांनी विमानात चढूच दिलं नसतं. तो पाय कुठल्याही इस्पितळात बसवलेला नव्हता. घरी, बांबूच्या पट्ट्या बांधून बसवलेला होता.

चोराने तिची चूक दुरुस्त केली होती. म्हणजे चोराला पदूचा पाय माहीत होता.

ती चिखलात उतरून विमानाच्या धुडापाशी गेली. ओहोटी लागली होती, पाणी मागे सरत होतं. दारातून आत वाकून तिने टॉर्च मारला. पाचवा इथे सापडला होता, मागच्या भागात, एका सैनिकाच्या काखेत दोन्ही हात घातलेला. ओढून बाहेर काढायला निघालेला माणूस घालतो तसे. तीन सैनिकांच्या कवट्या आपटून फुटलेल्या होत्या. या चौथ्याची फुटलेली नव्हती. पदूचीही नव्हती.

दोघे जिवंत होते.

टॉर्चचा उजेड वरच्या पत्र्यावर गेला. तिथे एका ओळीत खळगे होते, दाट, एकावर एक. सगळे आतून बाहेर ठोकलेले. तिला चांदीचं कडं आठवलं. एका बाजूने ते चपटं झालं होतं, झिजून पातळ झालं होतं. जुनं असेल, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

तीन भरत्या. दीड दिवस.

तिच्या डोक्यावरचा पत्रा एकदाच वाजला, टक्क, आणि शांत झाला. ओहोटीत पत्रा पूर्वीच्या जागी येतो, तिने मनात म्हटलं. तरी बाहेर पडताना तिचा गुडघा दाराच्या कडेवर आपटला.

गाळ्यात येऊन तिने तो दोर हातात घेतला. चिखलाने त्याला ऐंशी वर्षं जपलं होतं. एका टोकाला माणसाच्या कमरेएवढा फास होता. दुसरं टोक झिजलेलं नव्हतं, तुटलेलंही नव्हतं.

ते कोयत्याने एका घावात तोडलेलं होतं.

५

हरेशने तिला ओसरीवर खुर्ची दिली. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसचा, धिप्पाड, बोलायला मऊ. ती इथे काम करायला लागल्यापासून रोज तिचं जेवण याच घरून यायचं. हरेशची आई मैनाबाई स्वतः तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन यायची, ती जेवेपर्यंत समोर बसायची आणि ताडपत्र्यांकडे बघत राहायची. आज डबा रिक्षावाल्याने आणून दिला होता.

“पदू नावाचा माणूस ऐकलाय का तुम्ही?”

“न्हाय बा,” हरेश लगेच म्हणाला. “कोन पदू?”

“ज्याला तुमच्या आजोबांनी पेटी घेऊन पळताना पाहिलं, तो.”

हरेशने आत वळून पाहिलं. आत खिळ्याला किल्ली लटकत होती, इथून दिसत होती.

“मॅडम, मी चोरलं म्हणताय?”

“नाही. तुम्ही चोरलं असतं तर पहिला हा दोर नेला असता.” तिने पिशवीतून वेटोळं काढून त्याच्यापुढे ठेवलं. हरेशने हात मागे घेतले, साप बघितल्यासारखे. “बघा, तुम्हाला तो काय आहे ते माहीत आहे. पदू कमरेला दोर बांधून विमानात शिरला. दुसरं टोक कोणाच्या तरी हातात होतं. त्याने ते तोडलं. या घराला धोका आहे तो हाडांचा नाही, या दोराचा. आणि ज्याने हाडं नेली, त्याने दोर गोणीतून काढून माझ्या डोळ्यांसमोर ठेवला.”

“मग भावेशशेठनं...”

“भावेशला ढीग मोडायचा होता, माणूस नाही न्यायचा. धाकल्याला सोनं नको असलं तरी त्या दाराशी भरतीच्या वेळी तो मेला तरी जाणार नाही. ज्याने हे केलं त्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या. भरतीला फाटकावर कोणी नसतं. पदूचा कुठला पाय वाकडा होता. आणि तुमचे आजोबा खोटं बोलले होते. या घरात हे कोणाला माहीत आहे? आणि खरं बाहेर यावं असं कोणाला वाटतं?”

हरेशने डोळे मिटले.

“काल भावेश पाचव्याला चार पेट्यांत वाटून टाकायचं म्हणाला, तेव्हा तुमची आई चहा घेऊन दारात उभी होती,” मेघाली म्हणाली. “मी बघू म्हणाले. तिने बघितलं नाही, केलं. मैनाबाई कुठे आहेत?”

“सकालीच सांगत व्हती, खारबावला जायचंय,” तो म्हणाला. “मी विचारला पन न्हाय कशाला.” मग एकदम उठला. “ती तिथं सगला बोलंल. मॅडम, आजा देवमानूस म्हनून गावात त्याचं नाव हाय. शालेला जागा दिली त्यानं. तिला थांबवाया पायजे!”

त्याने गाडीची चावी उचलली. मेघाली त्याच्याआधी गाडीत जाऊन बसली.

६

खारबाव स्टेशनच्या मागे, दोन खोल्यांच्या घरात, गुणाबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. ब्याण्णव वर्षांची, दिसायला पोरीएवढी. तिच्यापुढे नव्या कोऱ्या लुगड्यावर हाडं ठेवलेली होती. शेजारी मैनाबाई, दोन्ही हात मांडीवर.

“आये, ऊठ,” हरेश दारातूनच म्हणाला. “घरी चल.”

मैनाबाईने मान वर केली नाही. “डॉक्टरीनबाय, तुमी आल्या ते बरा जाला. माझा सांगून जालाय, पन म्हातारीला पुन्ना आयकायचा हाय.”

“आये!”

“तुझ्या आजाचं मरताना कोनी केला?” ती शांतपणे म्हणाली. “तुझ्या बापसानं? मी केला. तीन म्हयने. भरती आली का तो कानात कापूस घाल म्हनायचा. मी घालायची. मंग एक दिवस म्हनाला, मैना, कापूस काढ, आज आयकतो.”



“इमान पडला तवा तो आनी पदू व्हडीत व्हते. आतून गोरा वरडत व्हता. पदू म्हनाला, जिता हाय, मी जातो, तू दोर धर. गेला. इमान खचाया लागला, दोराबरोबर व्हडी पन वढाया लागली. सासऱ्यानं कोयता मारला.”

“घाबरला असेल,” हरेश हळूच म्हणाला.

“घाबरला. त्याचा मना राग न्हाय. मी असती तर मी पन घाबरली असती.” मैनाबाईचा आवाज पहिल्यांदा फाटला. “दुसऱ्या दिशी पोलीस आले. खून केला म्हनतील म्हनून त्यानं सांगला, पदू पेटी घेऊन पलाला. इमान कुठं बुडाला ते पन भलतीकडंच दावला. आनी पोलिसांची लाँच गेली, भरती आली, तवा त्यानं ठोके आयकले. हरेश, तवा तो बोलला असता तर मानूस निघाला असता. गावाला भुतं वाटली. त्याला एकट्याला म्हाईत व्हता कोन ठोकतो ते.”

मेघालीने ते खळगे मोजले नव्हते, याचंच तिला बरं वाटलं.

गुणाबाईने हात पुढे केला. तो चाचपडत हाडांवरून फिरला आणि वाकड्या नडगीपाशी थांबला. तिने बाक अंगठ्याने दाबून पाहिला, वर, खाली, पुन्हा वर.

“मी तेल लावायची,” ती म्हणाली. “थंडीत दुखायचा त्याला. हितंच. माझा बापूस हाय.”

मग तिने मेघालीकडे पाहिलं. “तो गोरा कोन व्हता? ज्याला काढाया गेला?”

“तेवीस वर्षांचा होता, आजी. नाव आहे कागदावर.”

“त्याची आय असंल ना तवा. तिला कोनी सांगला का, का तो एकटा न्हवता?”

“नाही. पण त्याच्या घरचे कोणी असतील, त्यांना मी लिहीन.”

गुणाबाईने मान हलवली. हरेश अजून उंबऱ्यात उभा होता. तो आत आला, गुडघे टेकून बसला, आणि त्याने हात जोडले. म्हातारीने त्याचे हात खाली केले.

“तू का हात जोडतोस? तू न्हवतास तवा,” ती म्हणाली. “पन एक काम कर.”

७

मेघालीने त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. सापडलेल्या व्यक्ती : पाच. पाचव्याचं नाव, गाव, मुलीचं नाव, आणि मृत्यूचं कारण तिला जेवढं कळलं तेवढं. तिने दोर सोबत जोडला. हाडं गाळ्यातून कोणी नेली या रकान्यात तिने लिहिलं, वारसांच्या ताब्यात. भावेशने दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचलला आणि काम थांबलं तर थांबू दे, एवढंच सांगितलं.

परदेशी अधिकारी चार पेट्या घेऊन आले, तेव्हा त्यांनी पाचव्याची गोष्ट उभ्याने ऐकली. त्यातला वयस्कर होता तो चिखलात उतरला, त्या पत्र्यावरच्या खळग्यांना बोटं लावून आला, आणि बूट न पुसताच गाडीत बसला.

पोलिसांचे जबाब आटोपायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, पदूला खारबावहून अंजूरला आणलं. गुणाबाईने हेच मागितलं होतं. मसणवटीत परस्पर न्यायचं नाही. गावच्या मधल्या रस्त्याने न्यायचं, उन्हातानात, सगळी जागी असताना.

“पलाला म्हनायचे ना,” ती म्हणाली होती. “जाताना कोनाला दिसला न्हवता. आता बघू दे.”

तिरडी हलकी होती, तरी चार खांदे लागलेच. पहिला हरेशचा होता. दुसरा धाकल्याचा. पुढे रिक्षात गुणाबाई. दर दहा घरांवर हरेश थांबायचा आणि मोठ्याने सांगायचा, हा पदू, हा चोर न्हवता, हा मानूस वाचवाया गेला, माझ्या आजानं दोर तोडला. पहिल्यांदा सांगताना त्याचा आवाज चिरकला. गोदामांच्या दारात हमाल उभे राहिले. बायका पाण्याचे हंडे खाली ठेवून बाहेर आल्या. एकेक म्हातारा माणूस घरातून निघून मागे चालायला लागला.

लडकूच्या, म्हणजे हरेशच्या, घरासमोर गुणाबाईने रिक्षा थांबवली.

मैनाबाई दारात उभी होती. ती तांब्या घेऊन पायऱ्या उतरली आणि तिरडी धरलेल्या चौघांच्या पायांवर पाणी घातलं, आधी आपल्या लेकाच्या, मग बाकीच्यांच्या. मग रिकामा तांब्या हातात धरून ती रिक्षापाशी आली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

गुणाबाई आसनावर बाजूला सरकली.

“बस,” ती म्हणाली. “तुझ्याच्यान एवढा चालवनार न्हाय.”